डोळ्यातली तुंबलेली शीर आणि 'पातळ' रक्त

रक्ताबद्दल बोलायची आपली एक खास भाषा आहे. रक्त 'घट्ट' होतं, 'पातळ' होतं, 'आटतं', 'तापतं', 'बिघडतं'. जणू चुलीवर ठेवलेली आमटीच! घट्ट झाली तर पाणी घाला, पातळ झाली तर अजून दोन उकळ्या काढा. वॉरफेरिन किंवा अ‍ॅस्पिरिन घेणारा माणूससुद्धा "मला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे" असंच सांगतो. डॉक्टरही सोयीसाठी तसंच सांगतात. खरं तर या गोळ्यांनी रक्त थेंबभरही पातळ होत नाही. त्याची गोठायची घाई तेवढी कमी होते.

तुम्ही म्हणाल, हा नुसता शब्दांचा कीस झाला. तसं नाही. आजाराला आपण जे नाव देतो त्यावरून औषध कोणतं मागायचं ते ठरतं. गेल्या वर्षी आमच्या थोरल्या मावशीच्या उजव्या डोळ्यातली शीर तुंबली. वय चौसष्ट. दुखलं नाही, खुपलं नाही. सकाळी उठली तर त्या डोळ्यापुढे चहाचा डाग पडल्यासारखं दिसायला लागलं. डॉक्टरांनी पडद्यामागची शीर बंद झाल्याचं सांगितलं, ब्लडप्रेशर आणि साखर तपासायला लावली, आणि डोळ्यात इंजेक्शन द्यायचं ठरवलं. घरात सगळ्यांचा प्रश्न एकच : "गुठळीच झालीय ना? मग रक्त पातळ करायची गोळी का नाही दिली?" आणि पाठोपाठ मावसभावंडांचा दुसरा : "हे रक्तातून येतं का? आपण सगळ्यांनीच टेस्ट करून घ्यायच्या का?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. इतके रास्त की नेत्रवैद्यांनीही ते शंभर-सव्वाशे वर्षं विचारले, त्यावर औषधं दिली, टेस्ट केल्या आणि मग हळूहळू वेगळ्याच उत्तराशी येऊन पोचले. मला ती गोष्ट वाचताना मजा आली, म्हणून इथे लिहून ठेवतो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

गोष्ट सुरू होते ती १८५० च्या आसपास. त्याआधी जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत कोणीच नीट पाहिलेलं नव्हतं. बाहुली काळी दिसते. आत काय आहे ते कळायला मार्ग नाही. बाहेरून डोळा ठणठणीत असूनही दिसेनासं झालं की त्याला 'अमॉरोसिस' म्हणत. त्यावर तेव्हाच्या वैद्यांमध्ये एक विनोद होता : अमॉरोसिस म्हणजे असा आजार, ज्यात रोग्याला काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही.

हरमान हेल्महोल्ट्झ तेव्हा क्योनिग्सबर्गला प्राध्यापक होता, वय एकोणतीस. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी तो एका साध्या प्रश्नाचा विचार करत होता : डोळ्यात गेलेला उजेड परत बाहेर येतो, मग तो आपल्याला का दिसत नाही? उत्तर असं की तो उजेड आला त्याच वाटेनं परत जातो, म्हणजे दिव्याकडे. दिव्याच्या जागी आपला डोळा ठेवता आला पाहिजे. काचेच्या पातळ पट्ट्या, चष्म्याची भिंगं आणि पुठ्ठा यांची जोडणी करून त्यानं १८५० मध्ये ते साधलं. हेच पहिलं ऑफ्थॅल्मोस्कोप. (गणकयंत्रवाल्या चार्ल्स बॅबेजनं असंच एक उपकरण १८४७ मध्ये केलं होतं. त्यानं ते एका नामांकित नेत्रवैद्याला दाखवलंही, पण त्याला त्याचं महत्त्व वाटलं नाही आणि ते तसंच राहून गेलं.)

आत काय दिसलं? केशरी पडदा आणि त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या. कातडी न कापता जिवंत माणसाच्या धमन्या आणि शिरा उघड्या बघता येतील अशी जागा शरीरात दुसरी नाही.

त्याच सुमाराला रुडॉल्फ फिरखोव हा जर्मन शास्त्रज्ञ प्रेतांच्या फुप्फुसांमध्ये सापडणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांचा अभ्यास करत होता. त्यानं दाखवून दिलं की या गुठळ्या तिथे तयार झालेल्या नसतात. पायाच्या किंवा पोटाच्या शिरांमध्ये होतात, तिथून सुटतात आणि वाहत येऊन अडकतात. जागच्या जागी गोठणं म्हणजे थ्रॉम्बोसिस, वाहत येऊन अडकणं म्हणजे एम्बोलिझम. हे दोन्ही शब्द आजही चालतात. गुठळी का होते याची तीन कारणं त्याच्या नावावर शिकवली जातात : रक्तवाहिनीची भिंत बिघडणं, रक्ताचा वेग मंदावणं, आणि खुद्द रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. ही तिन्ही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

बर्लिनमधलाच आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे हा आधुनिक नेत्रवैद्यकाचा जनक मानला जातो. जेमतेम बेचाळीस वर्षं जगला. त्यानं १८५९ मध्ये एका रुग्णाबद्दल लिहिलं. त्याची एका डोळ्याची दृष्टी अचानक गेली होती. आत पाहिलं तर धमन्या सुतासारख्या बारीक झालेल्या, पडदा फिका पडलेला. रुग्णाच्या हृदयाची झडप आजारी होती. ग्रेफेनं फिरखोवचं म्हणणं डोळ्याला लावून पाहिलं : झडपेवरचा कण सुटला आणि डोळ्याच्या मुख्य धमनीत येऊन बसला. डोळ्यात बघून हृदयाचा आजार सांगता येतो, हे तेव्हा लोकांना जादूसारखं वाटलं असणार.

शिरेची गोष्ट मात्र वेगळी. ग्रेफेचा सहकारी लीब्राइख यानं १८५५ मध्येच पडद्यावर सगळीकडे रक्त सांडलेला डोळा पाहून ठेवला होता. देवघरात कुंकवाचा करंडा उपडा व्हावा तसं दिसतं ते! त्यानं त्याला पडद्याचा 'अपोप्लेक्सी' म्हटलं, म्हणजे मेंदूत होतो तसा रक्तस्राव. पुढे १८७८ मध्ये युलियस फॉन मिशेल यानं दाखवलं की हा नुसता रक्तस्राव नाही, मुळात शीर बंद होते आणि रक्त मागे तुंबतं.

या दोन आजारांतला फरक घरगुती भाषेत सांगायचा तर असा : धमनी बंद होणं म्हणजे नळाला पाणी न येणं. शीर बंद होणं म्हणजे मोरी तुंबणं. पहिल्यात घर कोरडं पडतं, दुसऱ्यात पाणी येत राहतं पण जायला वाट नाही, म्हणून सगळीकडे पसरतं. मावशीची मोरी तुंबली होती.

आता शिरेत गुठळी आहे म्हटल्यावर पुढचा विचार कोणाच्याही मनात येईल तोच नेत्रवैद्यांच्या मनात आला. गुठळी होऊ न देणारं औषध द्या! फक्त ते औषध अस्तित्वात नव्हतं.

ते सापडलं तेही गमतीशीर रीतीनं. १९१६ मध्ये बाल्टिमोरला जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी रक्त गोठवणारे पदार्थ शोधत होता. कुत्र्याच्या यकृतातून काढलेला एक अर्क उलटाच निघाला, तो रक्त गोठूच देईना. त्याचे गुरू हॉवेल यांनी १९१८ मध्ये या प्रकारच्या द्रव्याला 'हेपॅरिन' नाव दिलं. माणसांना टोचण्याइतकं शुद्ध हेपॅरिन मिळायला पुढची वीस वर्षं गेली. आणि ते मिळाल्याबरोबर, १९३८ मध्ये, स्वीडनमधल्या डॉक्टरांनी डोळ्याची शीर तुंबलेल्या रुग्णाला ते दिल्याची बातमी 'लॅन्सेट'मध्ये आली. म्हणजे आमच्या घरात जो प्रश्न गेल्या वर्षी आला, तो तेव्हाच अमलात येऊन गेला होता.

दुसरं औषध गोठ्यातून आलं. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं रक्तस्रावानं मरायला लागली. शिंग कापलं तरी रक्त थांबेना. बुरशी लागलेलं 'स्वीट क्लोव्हर' नावाचं गवत खाल्ल्यामुळे हे होतं, असं स्कोफिल्ड नावाच्या पशुवैद्यानं शोधलं. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी, एड कार्लसन, हिमवादळात सुमारे १९० मैल गाडी हाकत मॅडिसनला विद्यापीठात पोचला. सोबत मेलेली कालवड, ते गवत, आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त. कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारात त्यानं ते नेऊन ठेवलं. लिंकच्या प्रयोगशाळेनं १९३९ मध्ये गवतातलं ते द्रव्य वेगळं केलं. त्याच्याच कुळातलं वॉरफेरिन १९४८ मध्ये आधी उंदरांचं विष म्हणून विकलं गेलं आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरात आलं!

या दोन औषधांनी किती जीव वाचवले याची गणती नाही. पायातल्या शिरेत गुठळी, फुप्फुसात गुठळी, बसवलेली कृत्रिम झडप, हृदयाचे अनियमित ठोके, या सगळ्यांत ती उपयोगी पडली. डोळ्याच्या तुंबलेल्या शिरेसाठीही ती कित्येक वर्षं दिली गेली. पण तिथे काही केल्या तसा गुण दिसेना. शीर उघडत नव्हती. उलट पडद्यावर आधीच सांडलेल्या रक्तात भर पडायची भीती.

असं का व्हावं? याचं उत्तर त्या शिरेच्या शेजारी दडलेलं आहे. डोळ्याच्या पडद्यावर धमनी आणि शीर जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे दोघींभोवती एकच आवरण असतं. एका पांघरुणात दोघी झोपाव्यात तसं. वयानुसार आणि ब्लडप्रेशरनं धमनी जाड, टणक होते. टणक धमनी मऊ शिरेला दाबते. शीर दबली की तिथे रक्त घुटमळतं, आतली भिंत खराब होते आणि मग गुठळी धरते. पडद्याची मुख्य शीर डोळ्याबाहेर पडते तिथे तर चाळणीसारखा भाग आहे, त्यातल्या चिंचोळ्या वाटेतून धमनी आणि शीर शेजारी शेजारी जातात. १९८१ मध्ये अमेरिकेत ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आजाराचे २९ डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा गुठळी नेमकी त्या चाळणीपाशी किंवा तिच्या लगेच मागे सापडली.

म्हणजे फिरखोवची तीन कारणं आठवा. इथे पहिली दोन, भिंत आणि वेग, हीच बहुतेक वेळा मुख्य आहेत. रक्ताचा दोष असलाच तर तिसरा. गुठळी ही या गोष्टीतली शेवटची कडी आहे, आणि आपण सुरुवात तिच्यापासून करतो.

तरीही तिसऱ्या कारणाचा शोध कोणी सोडला नाही, आणि का सोडावा? काही घराण्यांत गुठळ्या होतात हे दिसतच होतं. १९६५ मध्ये नॉर्वेच्या एगेबर्ग यांनी अँटिथ्रॉम्बिन कमी असलेलं एक कुटुंब वर्णन केलं. १९८१ मध्ये प्रोटीन सी, १९८४ मध्ये प्रोटीन एस यांची कमतरता कळली. १९८३ मध्ये लंडनचे ग्रॅहम ह्यूज यांनी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांचा आजार मांडला. त्यात शरीराच्या स्वतःच्याच प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होतात. १९९३ मध्ये स्वीडनच्या मालमो इथे डालबॅक यांना आणखी एक आनुवंशिक प्रवृत्ती सापडली, आणि पुढच्याच वर्षी हॉलंडच्या लायडन शहरात तिच्यामागचा जनुकबदल शोधला गेला. म्हणून त्याचं नाव 'फॅक्टर फाइव्ह लायडन'. युरोपीय वंशाच्या शंभर माणसांत साधारण पाच जणांत तो असतो, आपल्याकडे बराच विरळ.

झालं! १९९० च्या दशकात डोळ्याची शीर तुंबलेल्या रुग्णांच्या रक्ताच्या टेस्टची लाटच आली. निकाल मात्र उलटसुलट. एका अभ्यासात संबंध दिसे, दुसऱ्यात नाही. सगळे एकत्र करून पाहिले तेव्हा लायडनचा वाटा अगदी किरकोळ निघाला. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं आणि रक्तातलं वाढलेलं होमोसिस्टीन यांचा संबंध त्यापेक्षा ठळक दिसला.

होमोसिस्टीनवरून एक आपल्या घरातली गोष्ट. बी-१२ जीवनसत्त्व कमी असलं की होमोसिस्टीन वाढतं, आणि आपलं जेवण शाकाहारी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त आढळलं. म्हणजे आपल्याकडे ही टेस्ट केली तर निम्म्या लोकांची 'पॉझिटिव्ह' येईल, आणि त्यातल्या बहुतेकांच्या डोळ्याला काही झालेलं नसेल! बी-१२ कमी असेल तर ते जरूर भरून काढावं, नसांसाठी ते लागतंच. पण जीवनसत्त्वं देऊन होमोसिस्टीन उतरवलं म्हणून शिरांतल्या गुठळ्या टळल्या, असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही.

मग मावशीसारख्यांची नजर वाचते कशानं? ही वाट गुठळीला वळसा घालून गेली.

१९४८ मध्ये आयझॅक मायकेलसन यांनी एक तर्क मांडला : पडद्याचा जो भाग उपाशी राहतो, तो स्वतःच काहीतरी द्रव्य सोडत असावा आणि त्यामुळे नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटत असाव्यात. द्रव्य कोणतं ते कोणाला माहीत नव्हतं. १९६० मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या नोवोटनी आणि अल्विस या दोन विद्यार्थ्यांनी हाताच्या शिरेत चमकणारा रंग टोचून डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. पहिला 'रुग्ण' खुद्द अल्विस! नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकानं तो लेख परत पाठवला, तेव्हा तो १९६१ मध्ये रक्ताभिसरणाच्या नियतकालिकात छापून आला. त्या रंगानं कुठे गळतंय आणि कुठे उपाशी आहे हे दिसायला लागलं. १९८४ मध्ये एका मोठ्या चाचणीनं सिद्ध केलं की फांदीची शीर तुंबून सूज आली असेल तर लेझरनं फायदा होतो. मुख्य शीर तुंबली असेल तर लेझरनं सूज उतरते पण नजर सुधारत नाही, हे १९९५ मध्ये कळलं.

मायकेलसनचं ते अज्ञात द्रव्य बऱ्याच अंशी म्हणजे 'व्हीईजीएफ'. ते १९८९ मध्ये वेगळं केलं गेलं. त्याला रोखणारं औषध आधी आतड्याच्या कॅन्सरसाठी आलं, आणि २००५ पासून त्याचाच अगदी छोटा डोस डोळ्यात द्यायला सुरुवात झाली. खास डोळ्यासाठी बनवलेल्या त्याच जातीच्या औषधाला तुंबलेल्या शिरेच्या सुजेसाठी अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली. हे इंजेक्शन गुठळीला हातही लावत नाही. पडद्याची सूज उतरवतं, म्हणजे मोरी साफ न करता आधी पाण्यातली पुस्तकं उचलून ठेवल्यासारखं. तोवर काही आठवड्या-महिन्यांत रक्त पर्यायी वाटा शोधतं. मावशीला आतापर्यंत पाच इंजेक्शनं झाली. त्या डोळ्यानं पेपरचे मथळे वाचता येतात, बारीक अक्षर नाही. तिच्या मते "सुईत दोरा ओवायला दुसरा आहे की."

धमनीचं मात्र सगळं वेगळं, आणि इथे घाई जीवनमरणाची. पंजाबात १९२७ मध्ये जन्मलेले सोहनसिंग हायरेह तिथेच वैद्यकी शिकले आणि पुढे लंडन, एडिंबरा करत १९७३ मध्ये आयोवाला गेले. डोळ्याच्या रक्तपुरवठ्यावर त्यांनी आयुष्य घालवलं. तुंबलेल्या शिरेत रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी फायदा नाही, झालं तर नुकसान होतं, हेही त्यांनी ठासून सांगितलं. माकडांवरच्या प्रयोगांत त्यांना दिसलं की मुख्य धमनी बंद केली तर पडदा ९७ मिनिटांपर्यंत तग धरतो, २४० मिनिटांनंतर जवळजवळ काही उरत नाही. म्हणजे चार तास!

आणि इथली गुठळी किंवा चरबीचा कण बहुधा बाहेरून येतो, हृदयातून किंवा मानेतल्या धमनीतून. १९५९ मध्ये मिलर फिशर या मेंदूतज्ज्ञानं एका रुग्णाच्या डोळ्यापुढे अंधारी आलेली असतानाच आत पाहिलं, तर फिकट कण धमन्यांतून पुढे पुढे सरकताना दिसले! डोळ्यात अडकला म्हणून डोळा गेला. पुढचा मेंदूत गेला असता तर अर्धांग. म्हणून हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्याला गोठणं रोखणारी गोळी लागते आणि ती अगदी योग्य असते. एकच गोळी, एका आजारात तारणारी, दुसऱ्यात निरुपयोगी. "डोळ्यात गुठळी" एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

तर मावसभावंडांनो, टेस्टबद्दल. उतारवयात, ब्लडप्रेशर किंवा मधुमेह असताना एका डोळ्याची शीर तुंबली, तर रक्त गोठण्याच्या महागड्या टेस्टची सहसा गरज नसते. त्याऐवजी ब्लडप्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल आणि डोळ्याचा दाब बघायचा. पन्नाशीच्या आत, काही कारण दिसत नसताना, दोन्ही डोळ्यांत, किंवा स्वतःला अथवा घरात कुणाला पायात-फुप्फुसात गुठळ्या झालेल्या असतील, वारंवार गर्भपात झालेले असतील, तर मात्र डॉक्टरांशी त्या टेस्टबद्दल जरूर बोलायचं. आपल्या घरात तसं कुणी नाही. मावशीचं ब्लडप्रेशर मात्र त्या दिवशी १८० वर ११० होतं, आणि आपल्या आजोळी ते कुणाला नाही? आपण वारशात घेतलंय ते हे. त्यासाठी जनुकांची टेस्ट नको, दंडाला पट्टा बांधला की पुरे.

ज्यांना हृदयासाठी गोळ्या चालू आहेत त्यांनी हे वाचून त्या परस्पर बंद करू नका. आणि एका डोळ्यापुढे अचानक अंधार झाला, दुखत नसलं तरी, आणि पाच मिनिटांत परत उजेड आला तरीही, "सकाळी बघू" म्हणू नका. अर्धांगाचा झटका आल्यासारखं त्याच मिनिटाला निघा.

राहिली गोष्ट एवढीच की दोन डोळे असल्यामुळे एकाचं गेलेलं चटकन लक्षात येत नाही. अधूनमधून भिंतीवरचं कॅलेंडर आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून वाचून बघत जा. आज वाचून झालं असेल तर आत्ताच बघा.